मैत्रिणीच्या नावाने धावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार वर्षांपूर्वी माझी मैत्रीण गेली. पुढच्या वर्षी मी तिच्या नावाने हाफ मॅरेथॉन (म्हणजे २१ किलोमीटर) धावले आणि एका संस्थेसाठी पैसे गोळा केले. तेव्हापासून अधूनमधून एखादा निरोप येतोच: ‘मलाही असं काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?’ तीच ती उत्तरं दर वेळी टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवते. यात धावण्याबद्दल कमी आणि बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त आहे. धावणं तसं सरळ असतं. घोळ होतात ते नाव आणि पैसा या दोन ठिकाणी.

सगळ्यात आधी काय करायचं? नोंदणी?

नाही. आधी घरच्यांना विचारायचं. मी हे केलं नव्हतं, म्हणून पहिल्याच प्रश्नात सांगते.

एका रात्री झोप लागेना म्हणून मी इंटरनेटवर देणगीचं पान तयार केलं, तिचा हसरा फोटो लावला, चार ओळी लिहिल्या आणि तीन ग्रुपवर टाकून दिलं. सकाळी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्यापर्यंत ते कुणाच्या तरी फॉरवर्डमधून पोचलं होतं. आवाज चढवला नाही त्याने. एवढंच म्हणाला, “ताई, तो फोटो काढ ना. आई अजून तिच्या फोटोकडे बघत नाही.” मी फोटो काढला, पण तोवर तो पंचवीस-तीस जणांनी पुढे पाठवला होता. ते काही परत घेता येत नाही.

तेव्हा विचारायच्या गोष्टी या: पूर्ण नाव लिहायचं की नुसतं हाक मारायचं नाव? कुठला फोटो, की फोटोच नको? आजाराचं नाव घ्यायचं का? कुठल्या संस्थेला द्यावंसं त्यांना वाटतं? आणि शर्यतीच्या दिवशी यायला आवडेल का? शेवटचा प्रश्न विचारून ठेवायचा, उत्तरासाठी मागे लागायचं नाही. शक्यतो समोर बसून बोला, नाहीतर फोन करा. ‘तुमची हरकत नसेल तर’ असा मेसेज पाठवला की समोरच्याला हरकत असली तरी ती सांगता येत नाही.

घरात दोन मतं असतील, म्हणजे नवरा हो म्हणतोय आणि आईला नको आहे, तर ज्याला नको आहे त्याचं ऐका.

घरच्यांनी नकोच म्हटलं तर?

धावायला कुणाची परवानगी लागत नाही. धावा. फक्त नाव आणि फोटो वापरू नका. ‘एका मैत्रिणीसाठी’ एवढं लिहिलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळतं. काही घरांत वर्षभराने तेच लोक आपणहून विचारतात, काही घरांत कधीच नाही.

संस्था कशी निवडायची? ज्या आजाराने गेला त्याच आजाराची हवी का?

अशी काही सक्ती नाही. बहुतेकांच्या मनात आधी तेच येतं, आणि संशोधनाला किंवा रुग्णसेवेला पैसा मिळाला तर चांगलंच आहे. पण काही घरांना त्या आजाराचं नाव पुन्हा पुन्हा ऐकायचं नसतं. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांना रुग्णालयाशी संबंधित काहीच नको होतं. ती शनिवारी मुलांना वाचून दाखवायला जायची, म्हणून आम्ही मुलांच्या वाचनाचं काम करणारी एक छोटी संस्था निवडली. तो माणूस रिकामा वेळ कुठे घालवायचा, कशावरून तावातावाने भांडायचा, हे आठवून बघा. उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

संस्था नोंदणीकृत आहे का, वार्षिक हिशेब लोकांना बघायला मिळतात का, पावती किती दिवसांत येते, हे तपासा. फोन करून बघा. फोन उचलून तुमच्याशी नीट बोलणारं कुणी आहे का, यावरूनही बरंच समजतं. आणखी एक गोष्ट लेखी ठरवून घ्या: पैसा ठरावीक कामासाठी द्यायचा, की संस्थेला गरज असेल तिथे वापरू द्यायचा. देणगीदारांना पुस्तकं, यंत्रं, खोल्या आवडतात, कारण त्यावर नाव लावता येतं. संस्थेला मात्र बरेचदा वीजबिल आणि पगार भागवायचे असतात. माझं मत विचाराल तर पैसा मोकळा द्या.

करसवलतीचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते संस्थेलाच विचारा.

संस्थेऐवजी पैसे थेट गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला दिले तर?

गरज असेल तर हेच सगळ्यात चांगलं. पण ती मदत झाली, धर्मादाय देणगी नव्हे, आणि देणाऱ्याला हे आधीच स्पष्ट कळलं पाहिजे. पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. मुलांच्या शिक्षणासाठी असतील तर ते कुणाच्या खात्यात जाणार आणि कोण काढू शकणार, हे घरातल्या माणसांसमोर ठरवा. आणि कुटुंबाला खरंच हवेत का, हेही विचारा. मदत घेणंही जड जातं.

चॅरिटी बिब म्हणजे काय? ते घेऊ का?

बिब म्हणजे धावताना छातीवर लावायचा नंबर. मोठ्या शर्यतींमध्ये काही जागा संस्थांसाठी राखून ठेवतात. संस्था ती जागा तुम्हाला देते आणि बदल्यात तुम्ही अमुक एक रक्कम गोळा करून द्यायचं कबूल करता. रक्कम कमी पडली तर उरलेली तुमच्या खिशातून, असं अनेक करारांत असतं. करार वाचा. शोकाच्या भरात माणूस कशावरही सही करतो.

ही पद्धत फार जुनी नाही. १९८८ साली ब्रूस क्लेलँड नावाच्या एका वडिलांनी, मुलीला रक्ताचा कर्करोग झाल्यावर, ३८ जणांची टोळी जमवून न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले. ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम त्यातून सुरू झाला आणि त्यानंतर इतर संस्थांनीही हे गणित उचललं.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला: साधी नोंदणी स्वतःच्या पैशाने करा आणि देणगी वेगळी गोळा करा. आकड्याचं ओझं डोक्यावर राहत नाही. शिवाय ‘माझ्या पैशांतून ती धावतेय’ असं कुणाला म्हणता येत नाही. नोंदणी, बूट, प्रवास हा सगळा खर्च माझा, असं पानावर पहिल्याच परिच्छेदात लिहा. लोक विचारत नाहीत, पण मनात तेच असतं.

पैसे मागायची लाज वाटते. कसं मागू?

सगळ्यांना वाटते. मला २१ किलोमीटरपेक्षा ते जड गेलं.

एकदम सगळ्या ग्रुपवर टाकू नका. आधी अशा चार-पाच जणांना एकेकट्याला लिहा, ज्यांना तो माणूस जवळचा होता आणि ज्यांना मनापासून द्यावंसं वाटेल. पान रिकामं दिसलं की पुढचा थबकतो. शिवाय आधीच्यांनी किती दिले हे बघून लोक आपला आकडा ठरवतात. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या देणगी-पानांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, त्यात हेच दिसलं: वर मोठी रक्कम दिसली की खालच्याही वाढतात. पण याची एक दुसरी बाजू आहे. ज्याला थोडेच देता येतात तो मोठे आकडे बघून गप्प बसतो. रक्कम लपवायची सोय असेल तर ती सुरू ठेवा.

मजकूर छोटा हवा. माझा दुसरा, घरच्यांना दाखवून पाठवलेला मेसेज असा होता: ‘ती शनिवारी मुलांना वाचून दाखवायची. ते काम चालू राहावं म्हणून मी २१ किलोमीटर धावतेय. जमेल तेवढे द्या, नाही जमलं तरी राग नाही. तिची एखादी आठवण लिहिलीत तरी चालेल.’ त्या शेवटच्या वाक्यामुळे काय झालं ते सांगते. एकाने पैसे दिले नाहीत, पण लिहिलं की वर्गात ती त्याच्या वहीच्या कोपऱ्यात बदकं काढायची आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही एक काढलं होतं. तिच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या आठवणी मी कागदावर छापून तिच्या आईला नेऊन दिल्या. जमलेल्या रकमेबद्दल त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही. बदकांबद्दल मात्र तीनदा विचारलं.

आठवण करून द्यायची ती दोनदाच: शर्यतीच्या आठवडाभर आधी आणि शर्यत झाल्यावर निकालासोबत. ज्यांनी दिले नाहीत त्यांची यादी डोक्यात ठेवू नका. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे.

मी आयुष्यात कधी धावलेलो नाही. कुठलं अंतर घेऊ?

आधी एक किरकोळ गोष्ट. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्याकडे कुठल्याही शर्यतीला मॅरेथॉन म्हणतात. घरचे ‘मॅरेथॉन’ म्हणाले म्हणून तुम्ही ४२ची नोंदणी करून बसू नका.

पाच किलोमीटर घ्या. ‘काउच टू फाइव्ह-के’ नावाची एक जुनी योजना आहे, १९९६ ची, नऊ आठवड्यांची. आठवड्यात तीन दिवस, थोडं पळा, थोडं चाला, पळण्याचा वेळ हळूहळू वाढवा. सध्या पाच-सहा किलोमीटर आरामात धावत असाल तर हाफसाठी तीन ते चार महिने धरा. पूर्ण मॅरेथॉनला चार-पाच महिने लागतात आणि त्याआधी वर्षभर तरी नियमित धावणं असावं. ‘तिने एवढं सोसलं, मी ४२ सोसू शकत नाही का?’ हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. तिघांनाही मी तेच सांगितलं: तुमचा गुडघा गेला म्हणून तिचं दुखणं मागे जाऊन कमी होणार नाही.

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, साखर, हृदयाचं काही असेल, किंवा चालताना छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सरावाचा वेग असा ठेवा की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. नवशिके पहिल्या महिन्यात जोरात पळतात आणि दुसऱ्या महिन्यात नडगी धरून बसतात. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको, मग ते बूट असोत, मोजे असोत किंवा मैत्रिणीच्या नावाचा नवा कोरा टी-शर्ट. मांड्या आणि काखा घासून सोलतात, तिथे आधी व्हॅसलिन लावा. आंघोळीचं पाणी लागलं की मग कळतं काय विसरलो ते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर. सावकाश धावणारे लोक प्रत्येक केंद्रावर थांबून पाणी पितात, आणि चॅरिटीसाठी धावणारे बहुतेक सावकाशच असतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी झालेलं आढळलं. हे जास्त पाणी पिण्याने होतं, आणि चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांत त्याचा धोका अधिक होता. तहान लागेल तेवढंच प्या. दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन धावू नका, मूत्रपिंडांवर ताण येतो.

मन लागत नाही, झोप नाही. अशात सराव होईल का?

होईल, पण वेळापत्रकाबरहुकूम नाही. झोप नसली की शरीर सावरत नाही आणि दुखापती होतात. रात्रभर जागलात तर सकाळचं लाँग रन (लांब पल्ल्याचा सराव) सोडा, अर्धा तास चाला. ताप असताना धावू नका. काही जणांना धावताना बरं वाटतं, मग ते रोज, दोन वेळा, पाय दुखत असतानाही धावतात. ते बरं लक्षण नाही. महिने उलटले तरी जेवण, काम, माणसं काहीच नकोसं झालं असेल तर समुपदेशकाकडे जा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

माझ्या गेलेल्या मित्राने स्वतः नोंदणी केली होती. त्याच्याच बिबवर धावलो तर?

हा प्रश्न वाचून मन हेलावतं, तरी उत्तर नाही असंच आहे. बिबच्या नंबरामागे वय, रक्तगट, आजार, तातडीने कुणाला फोन करायचा ते सगळं असतं. तुम्ही बाराव्या किलोमीटरला पडलात तर वैद्यकीय पथक त्याची माहिती बघून तुमच्यावर उपचार करेल आणि त्याच्या बायकोला फोन जाईल. ‘तुमचे मिस्टर कोसळलेत.’ एकदा कल्पना करून बघा.

त्याऐवजी आयोजकांना लिहा. अनेक ठिकाणी नाव बदलून देतात, काही जण त्याचा बिब कुटुंबाला आठवण म्हणून देतात. मग तो घडी करून खिशात ठेवा आणि छातीवर तुमचा लावा.

आत्महत्येने गेलेल्या मित्रासाठी धावायचं असेल तर मजकुरात काय लिहू?

घरच्यांना जे सांगायचंय तेवढंच. नुसतं ‘तो गेला’ लिहिलं तरी पुरतं. त्यांनी उघड बोलायचं ठरवलं असेल तर ‘आत्महत्येने गेला’ असं साधं लिहा. कसा, कुठे, हे अजिबात नको, आणि ‘परीक्षेमुळे’, ‘कर्जामुळे’ असं एक कारणही लावू नका. एकाच कारणाने असं होत नसतं, आणि त्याच परीक्षेला बसलेलं कुणीतरी ते वाचत असतं. मजकुराखाली तुमच्या भागातली मदतवाहिनी जरूर द्या. ‘सुटला बिचारा’ छापाचे प्रतिसाद दिसले की लगेच काढा.

टी-शर्टवर फोटो छापू का?

मी म्हणेन, नको. घामाने ओला झालेला, सुरकुतलेला, शेवटी धुण्याच्या बादलीत पडलेला तो चेहरा बघवत नाही. पाठीवर नाव छापा. मागून येणारे अनोळखी लोक ते नाव मोठ्याने वाचतात, आणि ते ऐकायला बरं वाटतं. माझ्याकडे नाव कापडावर मार्करने लिहून चार सेफ्टी पिनांनी लावलेलं होतं. पाचव्या किलोमीटरला शाई पसरायला लागली.

धावताना रडू आलं तर?

येतं. बहुधा शेवटच्या रेषेजवळ नाही, मध्येच कुठेतरी, काहीच कारण नसताना. मला चौदाव्या किलोमीटरला आलं. पुढे धावणाऱ्या एका बाईची वेणी तिच्यासारखी हलत होती, एवढंच. घसा आवळला की श्वास पुरत नाही, घाबरायला होतं. अशा वेळी कडेला या, मागच्यांची वाट मोकळी करा, चालत राहा, लांब श्वास सोडा. दोन-तीन मिनिटांत सुटतं. स्वयंसेवक विचारायला आला तर ‘पायाला काही नाही झालंय’ एवढं सांगा, त्याला समजतं.

शर्यत पूर्ण नाही झाली तर पैसे परत करायचे का?

लोकांनी पैसे तुमच्या टायमिंगसाठी दिलेले नसतात. जे झालं ते खरं खरं कळवा: सोळाव्या किलोमीटरला गोळे आले, थांबले. कुणी परत मागितलेले मी तरी पाहिले नाहीत. आठ दिवसांच्या आत एकूण रक्कम, संस्थेची पावती आणि आभार, एवढं मात्र सगळ्यांना गेलंच पाहिजे. हिशेब लांबला की कुजबुज सुरू होते, आणि कुजबुज तुमच्या नावाची नसते, तिच्या नावाची असते.

आम्हीच एक स्मृती-दौड भरवली तर?

पन्नास जणांची, बागेत, चालत-धावत, विनाशुल्क असेल तर भरवा. त्यापुढे गेलात की रस्त्याची परवानगी, विमा, रुग्णवाहिका, पाण्याची केंद्रं, स्वयंसेवक, आणि हृदय बंद पडलं तर झटका देणारं यंत्र वापरता येणारा माणूस, हे सगळं लागतं. सगळा जमाखर्च मांडून झाल्यावर देणगीला फारसं उरत नाही, असंही होतं.

विनाशुल्क दौडीचा एक मोठा नमुना टेरी फॉक्सच्या नावाचा आहे. हाडाच्या कर्करोगाने एक पाय गेलेला हा कॅनडातला मुलगा १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पाय लावून देशभर धावायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. कर्करोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. २८ जून १९८१ ला तो गेला आणि त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली. इसाडोर शार्प या उद्योजकाने टेरीला आधीच तारेने कळवलं होतं की तुझ्या नावाने दरवर्षी दौड भरवू. शार्पचा स्वतःचा मुलगा कर्करोगाने गेलेला होता. त्या दौडीत स्पर्धा नाही, प्रवेशशुल्क नाही. छोट्यात छोटी दौडही तशीच ठेवता येते.

एकदा केलं म्हणजे दरवर्षी करायला हवं का?

नाही. आणि पहिल्या वर्षीच ‘दरवर्षी’ असं जाहीर करू नका. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा पैसे मागितले, तर रक्कम निम्म्यावर आली. मला त्याचा राग आला, जणू लोक तिला विसरले. लोक विसरले नव्हते, मी त्यांना बिल पाठवत होते. आता मी तिच्या वाढदिवसाच्या आसपास कुठलीतरी छोटी शर्यत धावते, कुणाला सांगत नाही. संस्थेला जमेल तेवढं स्वतः देते.

शर्यत संपल्यावर गेलेल्या माणसाच्या फोन नंबरवर फोटो पाठवला तर वेडेपणा होईल का?

वेडेपणा नाही, पण आधी घरच्यांना विचारा तो नंबर चालू आहे का. बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्यांना दिले जातात. मी न विचारता पाठवला, गळ्यात मेडल घातलेला. चार दिवसांनी उत्तर आलं: ‘कोण?’ मी सगळं लिहिलं, मग पुसलं, मग ‘चुकून आला, माफ करा’ एवढंच पाठवलं. तिकडून अंगठा आला.